चांगला सुपरमॅन दाखवा, वाईटही दाखवा: आपल्या चित्रपट मंडळाला खुलं पत्र

प्रति,
चित्रपट मंडळाचे संयोजक आणि निवड समितीचे सर्व सदस्य,
कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात महोत्सवाचे चित्रपट ठरवायला आपण सभासदांची बैठक बोलावली होती. मी मागच्या रांगेत बसलो होतो. कॉलेजच्या तीन पोरांनी एक दिवस कॉमिकमधल्या सुपरहिरोंच्या पिक्चरना द्यावा अशी सूचना मांडली आणि चहा यायच्या आत ती बाजूला पडली. मी पोरांच्या बाजूनं बोलायला उठलो, तर समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, “तुमचं ठीक आहे हो, तुमचा ड्रेपरीचा धंदा. आम्हाला सिनेमा दाखवायचाय.” सगळे हसले. मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. महिनाभर सुचत राहिलं, ते आता लिहितो.

धंदा ड्रेपरीचाच आहे. शिवाजी पेठेत वडिलांनी दुकान काढलं, तेच मी चालवतो. शाळांची गॅदरिंग, नाटकं, गणपतीतले सजीव देखावे, या सगळ्यांचे पोशाख आम्ही शिवतो आणि भाड्यानं देतो. वडिलांच्या काळात मावळे, वासुदेव, कोळी डान्स आणि बाळकृष्ण एवढ्यावर डिसेंबर-जानेवारीचा हंगाम निघायचा. आता निम्मी मापं सुपरमॅन-स्पायडरमॅनच्या लाल-निळ्या लायक्राची, म्हणजे ताणणाऱ्या कापडाची असतात. त्यामुळं हे पिक्चर मी एकूण एक बघितलेत, आणि शिंप्याच्या नजरेनं बघितलेत. ती नजर सिनेमा बघायला कमी पडते असं मला वाटत नाही.

सुपरमॅन तर शिंप्यांच्याच घरातून आला आहे. तो काढणारी दोन पोरं, जेरी सीगल आणि जो शुस्टर, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात वाढली. शुस्टरचे वडील शिंपी होते. सीगलच्या वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. १९३२ साली त्या दुकानात चोर शिरले आणि त्याच झटापटीत त्यांचं हृदय बंद पडलं. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३८ मध्ये, ज्याला गोळी लागत नाही असा माणूस या दोघांनी छापून आणला. बापाचं जाणं आणि तो माणूस यांचा संबंध कुणी लावो न लावो, मला तो दिसतो. सगळे हक्क प्रकाशक कंपनीला गेले १३० डॉलरला. पुढं सुपरमॅननं जगभर पैसा मिळवला आणि त्याला जन्म देणारे हलाखीत राहिले. १९७५ च्या अखेरीस, मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना, कंपनीनं दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर आणि त्यांचं नाव द्यायचं मान्य केलं. पडदे आणि पोस्टर रंगवण्यात जन्म गेलेली आणि नावं कुठंच नसलेली माणसं आपल्या गावात घराघरांत निघतील. त्यांच्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

“चड्डी वरून घालणारा” म्हणून त्या बैठकीत चेष्टा झाली. तो पोशाख त्या काळच्या सर्कशीतल्या ताकदवान गड्यांचा. वजनं उचलणारा, साखळ्या तोडणारा गडी अंगात घट्ट कपडे घालायचा आणि त्यावरून चड्डी. ताकद दिसावी आणि अब्रू राहावी, एवढाच त्यातला हिशेब. लंगोट लावून तांबड्या मातीत उतरणारे पैलवान बघत आपण मोठे झालो. निदान आपण तरी त्या चड्डीला हसू नये.

आणि ताकदवान माणूस वेश पालटून साध्या माणसांत राहतो, ही कल्पना आपल्याला परकी कधी होती? महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, १९२० साल, बाबूराव पेंटरांचा. त्यात विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव म्हणून राबणारा भीम आहे. दिवसा आचारी, आणि रात्री कीचकाचा काळ. वध इतका हुबेहूब दाखवला होता की सेन्सॉरनं तो भाग काढायला लावला, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. या गावचा सिनेमा सुरू झाला तोच ओळख लपवून राहणाऱ्या बलवानापासून. म्हणून “हे आपल्या परंपरेत बसत नाही” हे वाक्य मला पटलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळे पिक्चर चांगले असतात असं माझं म्हणणं अजिबात नाही. त्यांतले बरेच टाकाऊ आहेत. पण चांगला कुठला आणि टाकाऊ कुठला यावर भांडण्याजोगा हा माल आहे. आपण ते भांडणच नाकारलंत, याचं मला वाईट वाटलं.

माझी कसोटी दुकानातली आहे. पोशाख घालून पोरगं आरशासमोर उभं राहिलं की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर पोरगं दिसतं, नाहीतर नुसता पोशाख दिसतो. पिक्चरचंही तेच.

१९७८ चा ‘सुपरमॅन’ बघा, रिचर्ड डॉनरचा. लोइस या सहकारी पत्रकार बाईच्या घरातला एक प्रसंग आहे. क्लार्क, म्हणजे चष्मा लावून साधा माणूस म्हणून वावरणारा सुपरमॅन, तिला फिरायला न्यायला आलाय. ती आत गेली आहे. हा बाहेर एकटा उभा. खरं काय ते सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं. तो चष्मा काढतो आणि सरळ होतो. बस, तेवढंच. कोट तोच, टाय तोच, कॅमेऱ्याची काही करामत नाही. पण सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हचे खांदे उघडतात, मान वर येते, आवाज खाली उतरतो, आणि मघापर्यंत अंगावर लोंबत असलेला कोट एकदम मापाचा वाटायला लागतो. मग त्याचा धीर सुटतो. चष्मा डोळ्यांवर, खांदे आत, कोट पुन्हा ढगळ. हा तुकडा मी कितीदा तरी मागं घेऊन बघितलाय. तीस वर्षं मापं घेतोय; माणूस कसा उभा राहतो यावर कापड बदलतं हे मला हाताला माहीत होतं, डोळ्याला त्या माणसानं दाखवलं. हा अभिनय आपल्या महोत्सवात का चालू नये?

आणि आता त्याच रीव्हचा चौथा ‘सुपरमॅन’ घ्या, १९८७ चा. अंगरखा तोच, माणूस तोच, मन तर आणखी मोठं: जगातली अण्वस्त्रं नष्ट व्हावीत ही गोष्ट रीव्हनं स्वतः सुचवली होती. पण निर्मात्यांनी ऐन वेळी बजेट निम्म्यावर आणलं. न्यूयॉर्क म्हणून इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स दाखवलं. उडण्याचा एकच शॉट पुन्हा पुन्हा वापरला. एक बाई साध्या कपड्यांत अंतराळात जाते आणि श्वासही घेते. बघताना हसू येत नाही, पोटात तुटतं. मोठ्या मनाच्या माणसाला उसवलेल्या कपड्यांत लोकांपुढं उभं केलंय असं वाटतं.

हे दोन पिक्चर लागोपाठ दोन दिवस दाखवा, एवढीच माझी मुख्य मागणी आहे. नऊ वर्षांच्या अंतरात काय हरवलं ते पोरांना आपोआप दिसेल, आणि त्यावर ती जे बोलतील ते कुठल्याही रसग्रहण शिबिरापेक्षा कमी नसेल.

त्या तीन पोरांनाही मला एक सांगायचंय. तुम्ही यादी केली होती ती कमाईच्या क्रमानं, म्हणून समितीला ती खोडून काढणं सोपं गेलं. ‘एंडगेम’ तुम्ही एक नंबरला ठेवलात. २०१९ च्या एप्रिलमध्ये रात्ररात्र खेळ चालू होते, मीही गर्दीत होतो. शेवटी सगळे एकेक करून येतात तेव्हा थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. तो आनंद खरा होता, मी तो खोटा ठरवणार नाही. पण तो मार्व्हल कंपनीच्या पिक्चरमालिकेतला बाविसावा भाग आहे. आधीचे एकवीस ज्यानं बघितले नाहीत त्याला अर्ध्या माणसांची नावंही कळत नाहीत. पोथीचा शेवटचा अध्याय म्हणून तो उत्तम आहे. एकटा उभा राहून कुस्ती करायची म्हटलं तर त्याला जमणार नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला पिक्चर ‘स्पायडरमॅन २’. २००४ चा, सॅम रायमीचा. कारण सांगतो. त्यातला स्पायडरमॅन आपला पोशाख सार्वजनिक धुलाई यंत्रात बाकीच्या कपड्यांबरोबर टाकतो आणि लाल-निळा रंग पांढऱ्या कपड्यांना लागतो. लिफ्टमध्ये एक अनोळखी माणूस विचारतो, हा ड्रेस कुठून घेतला? तो म्हणतो, मीच शिवला. मग म्हणतो, जरा खाजतो, आणि मांडीत वर चढतो. लाल-निळं लायक्रा पहिल्या धुण्यात वेगळं टाका, हे मी प्रत्येक आईला सांगतो. मांडीतला काच तर आमच्या धंद्यातलं कायमचं दुखणं. ज्यानं हे लिहिलं त्याला ठाऊक होतं की आत घाम येणारा माणूस आहे. घरभाडं थकलेलं, नोकरी गेलेली, काकूचं घर जायच्या बेतात. एवढं सगळं असताना तो पोरगा पोशाख अंगात घालतो, म्हणून त्या घालण्याला किंमत आहे.

मग तो रेल्वेचा प्रसंग. ब्रेक गेलेली गाडी तो अंगाच्या जोरावर थांबवतो. पोशाख फाटलाय, मुखवटा निघालाय, शुद्ध गेली आहे. डब्यातली माणसं त्याला डोक्यावरून हातोहात आत घेतात आणि खाली निजवतात. एक जण म्हणतो, हा तर पोरगाच आहे. दोन लहान मुलं त्याचा मुखवटा परत आणून देतात आणि सांगतात, आम्ही कुणाला सांगणार नाही.

मागच्या डिसेंबरात चौथीतलं एक पोरगं आईबरोबर माप द्यायला आलं. आई कुठल्याशा मेसमध्ये पोळ्या करते. नेहमी पोरांना मुखवटा घट्ट हवा असतो, डोळ्यांना जाळी हवी असते. हा म्हणाला, “काका, मुखवटा पटकन निघायला पायजे. मी पडणार, मग तो काढायचाय.” मी मागं वेलक्रो लावून दिला. भिंतीवर चढण्याचं, जाळं फेकण्याचं त्यानं नावही काढलं नाही. वीस वर्षांपूर्वीच्या पिक्चरमधून त्या पोरानं नेमकी कुठली गोष्ट उचलली ते बघा.

याच स्पायडरमॅनची सुरुवात, २००२ च्या पहिल्या भागात, कुस्तीच्या रिंगणात झाली हेही लक्षात घ्या. तीन मिनिटं टिकलास तर तीन हजार डॉलर, अशी जाहिरात. पोरगं घरी शिवलेले कपडे घालून उतरतं, जिंकतं, आणि आयोजक शंभर डॉलर हातावर ठेवतो. त्या रागात तो समोरून पळणाऱ्या चोराला जाऊ देतो, आणि तोच चोर पुढं त्याच्या काकाचा जीव घेतो. बोललेलं इनाम न मिळणं म्हणजे काय, हे खासबाग कुस्ती मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर बसलेल्या कुणालाही विचारा.

‘द डार्क नाइट’ (२००८) बद्दल सगळे बोलतात, मी थोडक्यात बोलतो. १९८९ च्या बॅटमॅनला मान वळवता येत नव्हती. रबरी टोपडं खांद्याला जोडलेलं, त्यामुळं मागं बघायचं तर अख्खं धड वळवायचं. ‘द डार्क नाइट’चा दिग्दर्शक नोलननं ही अडचण कथेत घेतली. त्याचा बॅटमॅन सरळ मागणी करतो की मला मान वळवता आली पाहिजे. आणि खलनायक जोकरला पकडल्यावर पोलिसांना त्याच्याबद्दल काय सापडतं? कपडे खास शिवून घेतलेले, कुठलंच लेबल नाही. अंगावरच्या शिवणीत माणसाचा पत्ता असतो, आणि याचा तोही पुसलेला. मला त्या एका वाक्यानं जी भीती घातली ती स्फोटांनी घातली नाही. जोकर झालेला हीथ लेजर पिक्चर लागायच्या आधीच गेला. २००९ मध्ये त्याच्या मागं ऑस्कर मिळालं.

‘ब्लॅक पँथर’ मात्र आपल्या समितीनं न बघताच नाकारला असावा. त्यात गादीवर बसायच्या आधी राजाला धबधब्याच्या पाण्यात उघड्या अंगानं झुंजावं लागतं, आणि उतरण्यापूर्वी त्याला एक रस पाजून त्याची दैवी ताकद काढून घेतात. जे काही असेल ते तुझ्या हाडामांसाचं असू दे, मग लढ. तालमीतल्या वस्तादाला हे दाखवा, तो मान हलवेल. सीमेवरच्या टोळीच्या अंगावर घोंगड्या आहेत. लेसोथोतल्या बासोथो लोकांच्या खऱ्या घोंगड्यांवरून त्या घेतल्यात, आणि लढाईत त्यांचीच ढाल होते. आपल्याकडच्या धनगराच्या खांद्यावरचं घोंगडं मला तिथं आठवलं. वेशभूषेचं ऑस्कर रूथ कार्टरना मिळालं, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात सुपरहिरोचा पिक्चर पहिल्यांदा आला तो हाच. शेवटची भुयारातली मारामारी संगणकावर काढलेली आहे आणि ती फसली आहे, हे मी कबूल करतो. दोन रबरी बाहुले आदळत असल्यासारखी वाटते.

संगणकाचा हा रोग ‘ग्रीन लँटर्न’मध्ये (२०११) सगळ्यात वाईट दिसतो. तिथं नायकाच्या अंगात पोशाखच नव्हता. राखाडी कपड्यांत काम करून घेतलं आणि हिरवा पोशाख मागाहून चढवला. कापडाला चुणी पडत नाही, बगलेत ताण येत नाही, म्हणून आतला माणूसही खरा वाटत नाही. ‘कॅटवुमन’ (२००४) मध्ये पोशाख खरा आहे पण उड्या मारणारीसाठी बेतलेला नाही, बघणाऱ्यांसाठी बेतलाय. पट्टे आणि चिरफाड. हॅली बेरीनं वाईट अभिनयाचं ते पारितोषिक स्वतः मंचावर जाऊन, हातात आपलं ऑस्कर धरून स्वीकारलं. तिच्याबद्दल मला आदर आहे. फसला तो तिला कापडाच्या चिंध्यांत उभं करणाऱ्यांचा हिशेब.

पण सगळ्यात वाईट कुठला असं विचाराल तर मी या दोन्हींची नावं घेणार नाही. चौथ्या ‘सुपरमॅन’चंही नाही. गरिबीनं हरलेल्याला मी वाईट म्हणत नाही. सगळ्यात वाईट ‘बॅटमॅन अँड रॉबिन’, १९९७. तिथं पैसा होता, नामांकित नट होते, कुशल कारागीर होते. आणि पिक्चर बेतला गेला तो खेळण्यांच्या दुकानासाठी. बुटातून स्केट बाहेर येतात, गाड्या, पोशाख, हत्यारं दर थोड्या वेळानं नवी, बॅटमॅन स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढून दाखवतो. रबरी चिलखतावर स्तनाग्रं काढलेली. एकाही क्षणी वाटत नाही की या माणसाचे आईबाप त्याच्या डोळ्यांसमोर मारले गेले होते. आपल्याकडं याला एकच शब्द आहे, नुरा कुस्ती. दोघंही धडधाकट, आखाडा भरलेला, आणि निकाल आधीच ठरलेला. लोकांनी तो ओळखला. त्यानंतर आठ वर्षं पडद्यावर बॅटमॅनचा एकही नवा पिक्चर आला नाही. दिग्दर्शक जोएल शुमाकरनं पुढं प्रेक्षकांची माफीही मागितली.

अमेरिकेतले मोठे दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांचं म्हणणं बैठकीत दोनदा ऐकवलं गेलं. २०१९ मध्ये त्यांनी या पिक्चरना थीम पार्क म्हटलं, त्यांत कशालाच धोका नसतो असं लिहिलं. माझ्या यादीतल्या वाईट पिक्चरबद्दल त्यांचं अक्षर न् अक्षर मला मान्य आहे. पण रेल्वेच्या डब्यात बेशुद्ध पडलेल्या त्या पोराचं काय? त्याच्या जिवाला धोका होता, ओळखीला होता, आणि त्या डब्यातल्या माणसांच्या चांगुलपणालाही होता. मोठ्या माणसाचं वाक्य घेऊन सगळी रांगच बंद करणं मला पटत नाही.

आणखी एक. २०२३ चा ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ आपल्याकडं दहा भाषांत आला आणि त्यातली एक मराठी होती. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा आपल्याकडचा स्पायडरमॅन आहे. २००४ च्या मूळ कॉमिकमध्ये तो धोतर नेसतो. पुतण्याला घेऊन मी तो मराठीतून बघितला. बाहेर पडताना तो रस्ताभर मराठीत संवाद म्हणत होता. महोत्सवात इंग्रजीबरोबर ही मराठी प्रतही मिळवायचा प्रयत्न करा. वितरकाशी बोलणं तुमच्यासारख्या नोंदणीकृत मंडळाला जमेल, माझ्यासारख्याला जमणार नाही.

केरळच्या ‘मिन्नल मुरली’चं (२०२१) नाव मी मुद्दाम शेवटी घेतो, कारण तो कुठल्या कॉमिकवरून नाही आणि आजच्या वादात नियमानं बसत नाही. त्यातला नायक गावातला शिंपी आहे. एवढं सांगून थांबतो.

तर माझी विनंती अशी. शुक्रवारी १९७८ चा ‘सुपरमॅन’, शनिवारी १९८७ चा. रविवारी दुपारी, शाळेची पोरं येऊ शकतील अशा वेळी, ‘स्पायडरमॅन २’. संध्याकाळी पडदा बंद करून दिवे लावा आणि तास-दीड तास नुसती चर्चा ठेवा. माईक आधी पोरांकडं द्या. मंचावर बसायला मला बोलावू नका, मी मागच्या रांगेतच बरा. ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ दाखवायची हिंमत असेल तर तोही दाखवा, मी पहिलं तिकीट काढतो.

दाराशी ठेवायला १९७८ च्या पद्धतीचा सुपरमॅनचा पोशाख मी शिवून देईन. कापड, अस्तर, शिलाई सगळं माझ्याकडून. फक्त पुतळा मंडळानं आणावा, आणि तो ताठ उभा असलेला आणावा. वाकलेल्यावर खांद्याची शिवण बसत नाही. माप घ्यायला मला आठ दिवस आधी कळवा. सोमवार सोडून दुकान रोज रात्री नऊपर्यंत उघडं असतं.

आपला,
शिवाजी पेठेतला एक ड्रेपरीवाला